देवबागचं विमान आणि मागची सीट

कोल्हापुरात माझं गाड्यांच्या एसीचं दुकान आहे. येणारा प्रत्येक जण एकच तक्रार घेऊन येतो, गार हवा येत नाही. त्यामुळे २००८च्या पावसाळ्यानंतर एक उंच, रापलेला माणूस येऊन म्हणाला, "एसी नको, त्यातला फक्त कोअर हवा, जुना चालेल," तेव्हा मी त्याला भंगारवाला समजलो. कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात बसणारी ॲल्युमिनियमची जाळीदार पेटी. तिच्यातून जाताना हवा गार होते. कशाला हवा, असं विचारलं तर म्हणाला, "विमानाला. रेडिएटर म्हणून लावायचाय."

मी चहा मागवला. वेड्याशी वाद घालू नये, चहा पाजावा, असं माझे वडील म्हणायचे.

माणूस वेडा नव्हता. विलास तांडेल, मालवणजवळच्या देवबागचा. सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेली. एकदा परदेशी बंदरात जहाज बरेच दिवस अडकून पडलं, तेव्हा बाकीचे पत्ते खेळत बसले आणि हा लहान विमान चालवायला शिकला. आता नोकरी सोडून घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं विमान बांधत होता, पाण्यावरून उडणारं. आणि त्याला इंजिन बसवलं होतं अपघातात चेपलेल्या एका जपानी स्पोर्ट्स कारचं. "कोअर मिळाला की घेऊन ये," म्हणाला, "राहायला ये. घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो आम्ही, एक तुझी."

भंगारात एकाऐवजी तीन मिळाले. बायको म्हणाली, "जावा. विमान नसलं तर निदान मासं तरी खाऊन या." इतकी सोपी परवानगी मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली, म्हणून लगेच निघालो.

पहिला दिवस

कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली. रस्ता घाटापर्यंत बरा, पुढे खड्ड्यांची संगत. ज्यांना गाडी लागते त्यांनी घाटाआधी काही खाऊ नये. मी राधानगरीत वडा खाल्ला आणि घाटभर त्याचा पश्चात्ताप केला. माझी एसटी कुडाळची होती, म्हणून कसालला उतरून मालवणची धरली. कसालच्या नाक्यावर चहा चांगला मिळतो, उसळपावही.

मालवणच्या गाडीत कंडक्टरने माझ्या पोत्याला पाय लावून पाहिला. "ह्यात काय आसा?"

"एसीचे भाग. विमानाला लावायचेत."

त्याने तिकीट फाडलं. "मगे विमानानच जावचा होता."

मालवणात सुरमईचं ताट घेतलं, सोलकढी दोनदा. तेव्हा सत्तर रुपये पडले, आता जास्त असतील. तिथून देवबाग रिक्षाने. रस्ता जसजसा दक्षिणेला जातो तशी जमीन बारीक होत जाते. उजवीकडे समुद्र, डावीकडे कर्लीची खाडी, मधे माडांच्या आणि घरांच्या एकदोन रांगा. पुढे जमीनही संपते आणि खाडी समुद्राला मिळते.

विलासच्या बायकोने, सुलभावहिनींनी, पोतं बघून आधी हात धुवायला पाणी दिलं आणि मग नवऱ्याला हाक मारली. विलास शेडमधून आला. दुकानात तो माझ्याशी साधी मराठी बोलला होता, इथे सरळ मालवणीत शिरला. "तीन कित्याक आणलंस रे पाटला? एक पुरे आसा."

"परत न्यायचा कंटाळा येईल, असू देत," मी म्हटलं.

शेडमध्ये विमान होतं. खालचा भाग फायबरच्या होडीसारखाच, कारण तो होड्या बनवणाऱ्यांकडूनच करून घेतला होता. वर पंख, पंखांच्या मागे उंचावर इंजिन, त्याच्यामागे पंखा. आत एकामागे एक दोन सीट. पुढची म्हणजे नुसती फळी होती. मागच्या सीटवर लाल छिटाची, हाताने शिवलेली जाड उशी बांधलेली होती.

त्या जपानी गाडीचं इंजिन रोटरी होतं. अशा इंजिनाबद्दल मी फक्त वाचलं होतं. यात पिस्टन नसतात. फुगलेल्या सामोशाच्या आकाराचा एक तिकोनी तुकडा इंजिनाच्या पोकळीत गोल गोल फिरतो आणि तेवढ्यात इंधन ओढणं, दाबणं, जाळणं, धूर फेकणं सगळं उरकतो. विमानवेड्यांना ते आवडतं, कारण ते ताकदीच्या मानाने हलकं असतं आणि बिघडलं तरी सहसा एकदम बंद पडत नाही, कण्हत का होईना घरी आणतं. पण गाडीचं इंजिन उचलून विमानाला लावता येत नाही. ते फार वेगात फिरतं आणि पंखा तेवढ्या वेगात फिरला तर फक्त ओरडतो. म्हणून विलासने ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधले गिअर काढून मधे बसवले होते. पेट्रोलचे पंप दोन, एक बंद पडला तर दुसरा. आतल्या सीलना तेल पुरवणारा गाडीचा पंप काढून त्याने तेल पेट्रोलमध्येच मिसळलं होतं. हे मात्र देवबागेत कोणाला समजावून सांगावं लागलं नाही, होडीच्या मशीनला सगळे तेच करतात.

जेवताना वहिनी म्हणाल्या, "ती मागची जागा माझी आसा. ह्येंनी सगळो मुलुख बघितल्यानी. माका तेतला काय एक नको. आपला घर वरसून कसा दिसता, तेवढाच बघूचा आसा."

विलास मान खाली घालून बांगडा सोलत होता. वर नेऊन घर दाखवायचा शब्द त्याने लग्नाच्या वर्षी दिला होता, असं त्यांनी सांगितलं. विमान त्या शब्दापायी जन्माला आलं की विमानापायी शब्दाची आठवण झाली, हे मी विचारलं नाही.

दुसरा दिवस

सकाळी भरतीला विमान ढकलगाडीवरून खाडीत उतरवलं. माडाला दोर बांधून विलासने इंजिन सुरू केलं. आवाजाबद्दल एवढंच लिहितो की पलीकडच्या काठावरचे बगळे उठले आणि मी असेपर्यंत परत आले नाहीत. तापमानाचा काटा मात्र जागचा हलला नाही. विलास खूश होता. मी आपला वाकून नळ्या बघत होतो, सवयीने. एक नळी थेट खाडीत सोडलेली होती.

"ही कशाला?"

"टेस्टिंगक. खाडयेचा पाणी फिरता."

"म्हणजे आत्ता इंजिन खाडी गार करतेय. वर गेल्यावर?"

त्याने पुढच्या टोकाला लावलेला एक बारका रेडिएटर दाखवला. पण नळी काढून नुसत्या त्याच्या भरवशावर त्याने इंजिन कधी चालवून पाहिलं नव्हतं. मला हसू आलं, पण ते त्याच्यावर नव्हतं. आमच्याकडे घाटावर इंजिन म्हटलं की आधी रेडिएटर आठवतो. हा जन्मभर अशा इंजिनांवर राहिलेला, ज्यांच्या खाली गार पाणी कधी संपतच नाही. माझ्यासारखा माणूस पगारासाठी होडीवर गेला असता तर तोही असलंच काहीतरी विसरला असता.

नळी वर ओढली आणि खाडीतून जोरात एक फेरी मारायची ठरली. काटे बघायला दुसरा माणूस हवा होता. वहिनी काठावर उभ्या होत्या. "आज बसा," त्या मला म्हणाल्या, "पण उशी मळवा नको."

तर वाचकहो, कर्लीच्या खाडीतून विमानाच्या वेगाने जाण्याचा अनुभव मी तुम्हाला सांगायला हवा. सांगता येत नाही. माझ्यासमोर दोन काटे होते आणि मी तेच बघत होतो. पाण्याचा काटा चढला, तेलाचा त्याहून आधी. रोटरी इंजिन आपली बरीचशी उष्णता तेलात ओततं, तेलालाही वेगळा, मोठा रेडिएटर लागतो. पहिलं वळण यायच्या आत विलासने इंजिन बंद केलं आणि आम्ही होडीसारखे वाहत राहिलो.

"बोटीक ह्या काय लागणा नाय रे," तो म्हणाला. "आख्खो दर्या खाली आसता."

दुपारी माझे तिन्ही कोअर जमिनीवर मांडले. दोन पाण्याला, एक तेलाला. पुढे जागा नाही, इंजिनजवळ वारा नीट मिळत नाही. बाजूने हवा आत घेऊन नळकांड्यातून फिरवता येईल अशी एकच जागा होती, चालवणाऱ्याच्या पाठीमागे. शिवाय पाणी, तेल, नळ्या, सगळ्यांचं वजन. आम्ही दोघांनी ते वेगवेगळ्या रीतीने मांडून पाहिलं. प्रत्येक वेळी ती मागची सीट जात होती. तिसऱ्यांदा मांडताना लक्षात आलं की आम्ही सीट वाचवायला नाही, वहिनींना सांगायचं पुढे ढकलायला मांडतोय.

विलासनेच सांगितलं, आणि वर म्हणाला की तो उडायचं सोडून देतो. नळी खाडीतच राहू दे, दोघं पाण्यावरूनच संगमापर्यंत जाऊन येऊ.

"पाण्यावरसून माका होडयेतसून रोज दिसता," वहिनी म्हणाल्या. त्या उठून शेडमध्ये गेल्या, उशीच्या गाठी सोडल्या आणि ती काखेत घेऊन बाहेर आल्या. "तुमी जावा. बघून येवा आणि माका सांगा." मग मला विचारलं, चहात साखर किती.

मला वाईट वाटलं. पोतं मी आणलं होतं. एकच कोअर आणला असता तर निदान त्या दिवशी तरी ती उशी जागेवर राहिली असती.

तिसरा दिवस

नळकांडं करून घ्यायला वेंगुर्ल्याला गेलो. देवबागहून होडीने पलीकडे कोरजाईला उतरलात तर मोठा वळसा वाचतो, पुढे रिक्षा किंवा नशिबात असेल तर एसटी. वेंगुर्ल्यात काजूच्या कारखान्यांना पत्र्याची कामं करून देणारा एक कारागीर विलासच्या ओळखीचा होता. त्याने आमचं चित्र उलटसुलट करून पाहिलं. "कितके किलो काजूचा?"

"काजू नाय. विमानाचा."

"बरा," तो म्हणाला आणि पत्रा कापायला घेतला. जेट्टीवर मासळीचा लिलाव बघून, जेवून येईपर्यंत नळकांडं तयार होतं. परतीच्या होडीत विलास ते मांडीवर घेऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्याहारीला घावणे खाल्ले ते त्या लाल उशीवर बसून. ती आता ओटीवरच्या बाकावर आली होती. तीन रात्रींच्या खोलीचे पैसे घ्यायला वहिनींनी नकार दिला, म्हणून मी गपचूप आंबोशीचं एक पाकीट विकत घेतल्यासारखं करून जास्त पैसे ठेवले. तेही त्यांनी रिक्षा सुटताना पोत्यात परत टाकले.

घरी

पुढे परवानग्यांचे कागद कुठे कुठे फिरून आले, ती कथा मला झेपणारी नाही. पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी दुकानात फोन वाजला. विलास होता. "पाटला, वर जावन इलंय. काटो हललो नाय." एवढंच तीन वेळा म्हणाला. मला बरं वाटलं, खरं तर फार बरं वाटलं, आणि समोरच्या गिऱ्हाईकाला मी विनाकारण बिलात सूट दिली.

देवबागला कोणी जाणार असेल तर जरूर जा. जागा कशी आहे ते मला विचारू नका. मी तिथल्या खाडीतून गेलो ते दोन काट्यांकडे बघत. लक्षात राहिला तो नळीचा जळका वास आणि काखेत उशी घेऊन चाललेल्या वहिनींची पाठ.

त्या दिवशी विलासनंतर फोन वहिनींनी घेतला होता. मी विचारलं, "मग वहिनी, घर कसं दिसलं म्हणाले?"

"खंयचा घर," त्या म्हणाल्या. "वरसून दिसूचा म्हणान मीया लाल लुगडा नेसान अंगणात उभी रवलंय. डोक्यार तीनदा घिरट्यो घातल्यानी. खाली इले तेवा मीया इचारलंय, घर दिसला? तर म्हणतत, काटो बघीत होतंय."

त्या हसत होत्या की रागावल्या होत्या, ते फोनवरून कळलं नाही.

"काटो बघूक दुसरा माणूस होया, मीया सांगलंय तेंका," त्या म्हणाल्या. "आता तुमी वायच हलको कोअर बघा. उशी धुवन ठेवलंय."