ओअरबोटची किल्ली

आर्वो लेहतोलाला कुणी विचारलं की काय करतोस, तर तो एवढंच सांगायचा, "दुलूथ शहराच्या पाणीपुरवठ्यात कॉम्प्युटर सांभाळतो." ते खरंच होतं. पण जगभरात त्याचं नाव घेणारे लोक पाण्यासाठी घेत नसत, ओअरबोटसाठी घेत. ही ओअरबोट म्हणजे बोट नव्हे, एक कमांड. हल्ली प्रोग्राम सुटे ठेवत नाहीत, त्यांना लागणाऱ्या सगळ्या सामानासकट डब्यात भरून ठेवतात. त्या डब्याला कंटेनर म्हणतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत ओअरबोट लिहून पुढे हुकूम द्यायचा, की डबा सुरू, डबा बंद, जुने डबे साफ. आर्वोनं बारा वर्षांपूर्वी स्वतःच्या सोयीसाठी ती लिहिली आणि फुकट वाटून टाकली. कुणीही घ्यावी, कुणीही दुरुस्ती पाठवावी. फक्त नव्या आवृत्तीवर शिक्का मारायची किल्ली, म्हणजे आकड्यांची एक फाइल, एकट्या आर्वोजवळ. तो शिक्का दिसला की दवाखाने, शाळा, कारखाने डोळे मिटून ती आपल्या यंत्रांवर चढवत.

आणि नेमके आर्वोचे डोळेच दगा देऊ लागले होते. नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग बसला होता. कडेकडेनं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जायचं. टिंब आहे की स्वल्पविराम, हे त्याला आता अंदाजानं ठरवावं लागे. गेल्या आवृत्तीत अशीच एक चूक त्याच्या नजरेतून सुटली आणि कितीतरी लोकांचे डबे सुरूच होईनात. लोकांनी त्याला धू धू धुतलं. त्यानं माफी मागितली, कारण मात्र सांगितलं नाही. लाज वाटली, दुसरं काय.

"मग देऊन टाक ना त्या बर्चबार्कला," त्याची बायको डार्लीन म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ त्याचंच कौतुक ऐकते मी."

"तो कोण आहे तेच मला माहीत नाही."

"अरे, रोज बोलतोस त्याच्याशी."

"बोलत नाही, लिहितो."

"मग माझ्याशीही जरा लिहीत जा. काहीतरी उत्तर तरी मिळेल."

बर्चबार्क हे टोपणनाव. या धंद्यात अर्धी माणसं टोपणनावानंच वावरतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. गेली काही वर्षं ओअरबोटमधल्या बारीकसारीक दुरुस्त्या हा बर्चबार्क न कंटाळता पाठवत होता. कधी आवाज चढवला नाही, कधी घाई केली नाही. आर्वोला त्याचा इतका लळा लागला होता की त्याचं नाव दिसलं की त्याला बरं वाटायचं. पण दुसऱ्या एका प्रकल्पाची गोष्ट तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती. असाच एक गुणी, सोशिक अनोळखी माणूस थकलेल्या मालकाचा उजवा हात झाला आणि किल्ली हातात पडताच त्यानं आत चोरदरवाजा बसवला. ती गोष्ट ऐकल्यापासून आर्वोची पंचाईत झाली होती. बर्चबार्क जितका चांगला वागे, तितका त्याचा संशय येई. वाईट वागला असता तर किल्ली द्यायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे किल्ली द्यायची तरी कुणाला? आर्वोला काही उमगेना.

त्यानं लिहिलं, "एकदा व्हिडिओवर भेटू या." उत्तर आलं, "व्हिडिओवर मला जमत नाही. लिहूनच बोलू या." आर्वोचा संशय आणखी वाढला.

मग त्यानं एक शहाणपणा केला, नसता शहाणपणा. जुने डबे साफ करायच्या हुकमात त्यानं मुद्दाम एक चूक पेरली. डब्याचं नाव न देता एंटर दाबलं तर सगळेच डबे पुसले जातील, अशी. आपल्याच नावानं ती बर्चबार्ककडे तपासायला पाठवली. चोर असेल तर गप्प बसेल, भला असेल तर सांगेल, असा हिशेब. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "नाव रिकामं असेल तर काय होईल?" बस, एवढंच. आर्वोला हायसं वाटलं आणि लगेच डोक्यात किडा वळवळला, की मुरलेला चोरही हेच लिहील. विश्वास कमवायचा म्हटल्यावर तो चूक दाखवणारच. म्हणजे परीक्षा घेऊनही हाती काही लागलं नाही.

तरी त्यानं विचारून टाकलं, "किल्ली घ्याल का? मला लवकर मोकळं व्हायचं आहे."

यावर उत्तर यायला चार-पाच दिवस लागले. मग आलं, "शनिवारी मी दुलूथला येईन. पासपोर्ट घेऊन. तुम्हीही तुमचा काढून ठेवा."

तोंडी ओळख या लोकांना पुरत नाही. समोरासमोर बसायचं, ओळखपत्रं बघायची आणि मग एकमेकांच्या ओळखीची ग्वाही द्यायची, असा त्यांचा जुना रिवाज आहे. तेव्हा पासपोर्टचं आर्वोला नवल वाटलं नाही. पण माझा कशाला? मला तर सगळं जग ओळखतं. दोन दिवस तो घरात पुटपुटत फिरत होता. डार्लीननं शेवटी पत्ता कळवायला लावला. "चोर कशाला दिवसाढवळ्या कॉफी प्यायला येईल?" ती म्हणाली.

शनिवारी दारात एक जुना पिकअप येऊन थांबला. त्यातून सत्तरीच्या घरातली एक ठेंगणी बाई उतरली, हातात मिठाईच्या दुकानातला पुठ्ठ्याचा खोका. आर्वो तिच्या मागे बघत राहिला, अजून कुणी उतरतंय का म्हणून. कुणी नव्हतं.

बाईनं फोनवर लिहून समोर धरलं. मार्सिया हॅव्रिलुक, सरहद्दीपलीकडच्या थंडर बेहून. खोक्यात त्यांच्याकडचे गुलाबी लेपाचे गोड पाव, पर्शन. आणि खाली, "मला ऐकू येत नाही. ओठ वाचते."

डार्लीननं तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दोघींचं लगेच जमलं. आर्वो मात्र बोलायला लागला की बाई कपाळाला आठ्या घालून त्याच्या तोंडाकडे बघे. शेवटी तिनं लिहिलं, "मिशा आड येतात."

"मी तरी किती वर्षं सांगतेय," डार्लीन म्हणाली.

व्हिडिओ का जमत नव्हता ते आर्वोला आता कळलं आणि तो ओशाळला. पासपोर्टांची अदलाबदल झाली. त्यानं तिचा पासपोर्ट तोंडाजवळ नेला, मान वाकडी करून डाव्या कडेनं वाचला, मग उजव्या. नाव जुळलं, फोटो जुळला. आता पुढे काय? ही मार्सिया हॅव्रिलुक आहे, हे सिद्ध झालं. ती भली आहे हे कुठल्या पासपोर्टावर लिहिलेलं असतं?

तिनं त्याचा पासपोर्ट बघितलाही नव्हता. ती त्याच्याकडेच बघत होती. मग तिनं लिहायला घेतलं आणि फोन त्याच्या पुढ्यात सरकवला. अक्षरं तिनं मोठी केली होती, इतकी मोठी की एका वेळी चारच शब्द मावत. आर्वोला डाग चुकवत वाचता आलं.

"तुमचं खातं चोरीला गेलं, असं मला वाटत होतं."

"माझं?" आर्वो म्हणाला.

ती लिहीत गेली, तो वाचत गेला. ती साफसफाईची चूक आर्वो लेहतोला करणारच नाही. मी तुमची ओळन्‌ओळ वाचली आहे. नाव रिकामं आहे का, हे तुम्ही आधी तपासता, नेहमी. त्यात किल्ली घ्या, लवकर घ्या, ही घाई. चोराला जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात मारून पळायचं असतं. आमच्या गावचा दवाखाना तुमच्या शिक्क्यावर चालतो. म्हणून बघायला आले, की तुम्ही तुम्हीच आहात का.

आर्वो चाट पडला. ज्याची परीक्षा घेतली, त्यानं आपल्यालाच नापास केलं होतं. हसावं की माफी मागावी, त्याला कळेना. मिशा बोटांनी वर धरून तो सावकाश म्हणाला, "चूक मुद्दाम केली होती. तुमची परीक्षा घ्यायला. आणि घाई यासाठी." त्यानं डोळ्यांकडे बोट दाखवलं. डार्लीनशिवाय कुणाला हे सांगायची ही पहिलीच वेळ होती.

मार्सियानं मान हलवली. "पासपोर्ट वाचताना कळलं," तिनं लिहिलं. आणखी काही विचारलं नाही.

जेवण झाल्यावर आर्वोनं तिला किल्ली दिली आणि ओअरबोटचे सगळे अधिकार तिच्या नावावर केले. निघताना तिनं दोघांना मिठी मारली आणि पिकअप गावाला लागून असलेल्या मोठ्या सरोवराच्या काठानं उत्तरेला गेला.

संध्याकाळी आर्वोनं सवयीनं लॅपटॉप उघडला. एक सूचना येऊन पडली होती. भिंग लावूनही ती ओळ काही पकडीत येईना. "वाच गं जरा," तो म्हणाला.

डार्लीननं वाचलं. "ओअरबोटवरचे तुमचे सर्व अधिकार काढून घेण्यात आले आहेत." ती थबकली. "हे काय रे? घरी पोचते न पोचते तोच?"

चोर सगळ्यात आधी हेच करतो, मालकाला बाहेर काढतो. तो खुर्चीत बसला. मग त्याला आठवलं. ओअरबोटचे नियम त्यानंच लिहिले होते आणि त्यात एक होता, की काम सोडणाऱ्याचे अधिकार त्याच दिवशी काढावेत, मग तो कुणीही असो. तो नियम आजवर कुणी पाळला नव्हता. कुणी वाचला असेल असंही त्याला वाटलं नव्हतं. तिच्या जागी आर्वो असता, तर त्यानंही घरी पोचल्या पोचल्या हेच केलं असतं.

म्हणजे ती चोर असेल, किंवा अगदी आपल्यासारखी असेल. आत जाऊन तपासायची सोय आता राहिली नव्हती. काही बिघडलंच, तर ते बघायचं कामही आता त्याचं नव्हतं.

"काय झालंय? सांगशील का?" डार्लीननं विचारलं.

"मला काढून टाकलं," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बरं वाटून की वाईट वाटून, त्याचं त्यालाच कळेना. डार्लीननं लॅपटॉप मिटला आणि खोक्यातला उरलेला पर्शन त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो खाल्ला.