न समजल्याचा खडा

स्टाफरूममध्ये चहाला उशीर झाला की मला गणिताच्या जादा तासाचे किस्से सांगायला लावतात. इतके साठलेत की चहा येऊन गार होतो, तरी मी आपली चालूच!

अकरावी सायन्सला गणितात गटांगळ्या खाणारी बारा पोरं मी सकाळी कॉलेज भरायच्या आधी घेऊन बसते. "समजलं का?" म्हटलं की सगळ्या माना हलायच्या, पेपरात मात्र भोपळा. शेवटी नियम काढला. समजलं नाही की बोलू नका, नुसता बाकावर एक खडा ठेवा. पहिल्या दिवशी एकही खडा नाही. सगळे हुशार!

*

कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतली सुगंधा दहावीला जेमतेम पास झालेली. पण वाडीच्या ओढ्यावर पूल बांधायचाय म्हणून हट्टाने सायन्सला आली. आमचे प्रिन्सिपॉल, म्हणजे मोठे सर, म्हणाले, "सहामाहीत नापास झाली तर आर्ट्सला पाठवायची."

दुसऱ्या दिवशी तिने ओढ्यातले ओंजळभर खडे आणले. तासाअखेर तिच्या बाकावर नऊ.

"अगं, मग समजलं तरी काय?"

"तारीख समजली, बाई."

*

भिसेगावचा ओंकार खडे वहीखाली लपवायचा. एकदा मी वही उचलली, तर खाली सात!

सुगंधा म्हणाली, "लपवतो कशाला रं? आमच्या ओढ्यात लय हाईत."

तेव्हापासून त्याचेही खडे उघड्यावर आले. मला फार बरं वाटलं.

*

सहामाहीच्या आदल्या दिवशी तिच्या बाकावर एकही खडा नाही. मी घाबरले. पुन्हा लाजायला लागली की काय?

"खडे कुठायत गं?"

"ओंकारला दिले. त्याला लागतात."

*

सुगंधा पास झाली, अगदी काठावर. मोठ्या सरांना पटेना. "पाठ केलं असेल," म्हणत ते जादा तासाला ओंकारशेजारी येऊन बसले. सर मूळचे मराठी शिकवणारे.

"ओढा न ओलांडता त्याची रुंदी कशी काढशील? समजावून सांग बघू."

सुगंधाने फळ्यापाशी जाऊन खडू उचलला. त्रिकोण काढला, कोन लिहिला, उत्तर बरोबर आणलं. मग वळून विचारलं, "समजलं का?"

मोठ्या सरांनी ओंकारकडून एक खडा मागून घेतला आणि आपल्यापुढे ठेवला.

"थांबा सर," सुगंधा फळा पुसत म्हणाली, "पयल्यापासून सांगते."