नागलीची भाकरी

आई पेठकडच्या डोंगराळ भागातली. लग्न होऊन नाशकात आली, तरी रोज नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी थापायची. वडील ओझरच्या कारखान्यात होते. एकदा तिथे डब्यातली काळी भाकरी बघून कोणीतरी हसलं, आणि त्या संध्याकाळी वडिलांनी डबा ओट्यावर आपटला. "ही डोंगरातली भाकर पुन्हा देऊ नकोस!" तेव्हापासून आईने ती स्वतःपुरतीही करायची सोडली. घरात पाव, फरसाण आणि बिस्किटांचे पुडे येऊ लागले.

दहाएक वर्षांनी वडिलांना शुगर निघाली. डॉक्टरांनी बजावलं, रोज चाला, वेळेवर जेवा, नागली खा. घरी येऊन वडील आईवरच उखडले, "एवढी गुणाची होती, तर बंद कशाला केलीस?"

माझं डोकंच फिरलं. आई मात्र वाटेत घेतलेलं नागलीचं पीठ मळायला बसली. पहिली भाकरी थापतानाच तुटली, दुसरीही तुटली.

"साधी भाकरी जमेना तुला?" वडील म्हणाले.

मी ताडकन उठलो. त्यांच्यावर ओरडणार, तेवढ्यात शाळेमागची गटार आठवली. माझ्या डब्यातली भाकरी मी रोज तिथेच फेकायचो आणि घरी येऊन आईला सांगायचो, "मस्त होती."