वडिलांच्या ट्रॅक्टरचं इंजिन

परवा तासगावच्या एका गॅरेजसमोरून जाताना जळक्या ऑइलचा वास आला आणि मला वडिलांचा ट्रॅक्टर आठवला. पंधरा वर्षांपूर्वी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेले, तेव्हा मी त्यांना न विचारता त्याचं इंजिन बदललं होतं. द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर चालवताना जुनं इंजिन दम टाकायचं, म्हणून मोडीत निघालेल्या दुसऱ्या ट्रॅक्टरचं पन्नास हॉर्सपॉवरचं इंजिन मी गॅरेजात बसवून घेतलं आणि जुनं भंगारात दिलं. वडील डोळ्यावर हिरवी पट्टी बांधूनच घरी आले. ते खूश होतील म्हणून मी अंगणात ट्रॅक्टर चालू केला, तर आवाज ऐकून ते घरातूनच म्हणाले, "कुणाचा ट्रॅक्टर आलाय रं?" मी म्हणालो, "आपलाच हाय आबा, ताकदीचं इंजिन बसवलंय." "आन् आपलं कुठाय?" फौजेतून आल्यावर ते इंजिन त्यांनी तीनदा स्वतःच्या हातानं खोलून बांधलं होतं. मला खरं सांगवेना. "गॅरेजात ठेवलंय," मी म्हणालो. पट्टी निघाल्यावर एक दिवस ते आपले नटबोल्ट खोलायचे पाने फडक्यात गुंडाळून, मला न सांगता, एसटीनं गॅरेजात गेले. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी ते पाने माझ्यापुढं ठेवले. "तुज्याकडंच ऱ्हाऊ देत. मला आता काय काम न्हाई त्यांचं," एवढंच बोलले आणि हातपाय धुवायला गेले. आता ते नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या, तर निदान माफी मागायला तरी माझं तोंड उघडलं असतं.