वीस मिनिटांचा उपदेश

दवाखान्यात त्यांना सगळे बाई म्हणत. सत्तावीस वर्षं नर्सची नोकरी, आणि तोंड असं की इंजेक्शनाआधीच माणूस बधिर व्हावा. तरुण पोरापोरींसाठी भिंतीवर 'न लाजता बोला' असं पत्रक होतं. ते बाईंनीच चिकटवलेलं. तेव्हापासून त्या खोलीत बोलल्या त्या फक्त बाई.

त्या दिवशी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी केसपेपर घेऊन आली. पर्स पोटाशी धरून म्हणाली, "खाली जळजळ होतेय. म्हणजे मला..."

"लग्न झालंय?"

मुलीने नकारार्थी मान हलवली.

झालं. बाईंची गाडी जी सुटली ती आईबापांचे कष्ट, कॉलेजची वर्षं, पोरांचा काय भरवसा, असं करत उतारालाच लागली. स्वतःच्या लेकीचंही उदाहरण देऊन झालं. त्या लेकीने चार वर्षांत आईला साधी डोकेदुखीसुद्धा सांगितली नव्हती, तेवढं गाळलं. वीस मिनिटांनी मुलगी "हो मॅडम" म्हणून निघून गेली. एक पोर मार्गी लावली म्हणून बाई खूश.

केसपेपर टेबलावरच राहिला. फरशी पुसणाऱ्या मावशींनी विचारलं, "हिला काय झालं होतं हो?"

बाईंनी कागद पाहिला. नाव, वय, फोन. तक्रारीचा रकाना कोरा. किती दिवसांपासून, पोटात दुखतं का, काही म्हणून विचारलेलं नव्हतं. शिकाऊ नर्सना 'आधी पेशंटला विचारा' म्हणून झापणारी बाई ती हीच.

"औषध दिलं?"

"नाही."

"मग इतका वेळ काय वाटत बसला होतात?"

बाईंना आठवलं, समजावताना मुलीचा हात हातात घेतला होता. चांगलाच गरम होता. बाईंना वाटलं होतं, शरमेने. एवढं शिकून ताप नि शरम वेगळी काढता येईना. जंतू वर गर्भाशयाकडे चढले असतील तर पोरीला जन्माचं दुखणं लागायचं. त्यांनी फोन लावला.

"दवाखान्यातून बोलतेय. आत्ता बोलता येईल का?"

"अजून काही सांगायचं राहिलं का?"

"माझं संपलं गं. तुझंच राहिलं. अंगात ताप आहे तुझ्या. आजच ये."

"तुम्हीच असणार?"

हे मात्र वर्मी लागलं. "डॉक्टर मॅडम तपासतील. मी बाहेर बसते."

मुलगी तासाभराने आली. बाई खरंच बाहेर बाकावर, पेशंटांच्या रांगेत जाऊन बसल्या. आतलं बोलणं ऐकू येईना आणि कान टवकारायची खोड जाईना.

"बसवतंय का गप्प?" मावशी म्हणाल्या.

"कळा येतायत."

मुलगी गोळ्या घेऊन बाहेर आली. बाईंसमोर थांबून हळूच म्हणाली, "दोघांनी घ्यायच्यात म्हणाल्या."

'दुसरा कोण?' हे बाईंच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं. त्यांनी ते कडू काढ्यासारखं गिळलं.

"जेवल्यावर घ्या. ताप उतरला नाही तर लगेच ये."

मुलगी तशीच उभी. पुढचं ऐकायच्या तयारीने.

"एवढंच," बाई म्हणाल्या. "जा."