कारणांच्या यादीत वास नाही

तुमच्या गाडीची टाकी शेवटची कोणी भरली, त्याचा चेहरा आठवतो का? नाही आठवणार. माझ्या भावोजींनी सव्वीस वर्षं लोकांच्या टाक्या भरल्या, पण त्यांचा चेहरा एकाही गिऱ्हाइकाला सांगता येणार नाही. येत्या गुरुवारी त्यांची चौकशी आहे. निकाल विरोधात गेला तर नोकरी जाईल, वर पोलिसांत गुन्हा. केलं काय त्यांनी? पेट्रोलचा वास आला म्हणून पंप बंद केला.

पंपावर सगळे त्यांना 'नाक' म्हणतात. कुठल्या नळीचा वॉशर झिजलाय ते ऑफिसात बसून सांगायचे. ताई म्हणायची, "पेट्रोलचा थेंब दोन गल्ल्यांवरून कळतो यांना, आणि शेजारी दूध करपलं तर पत्ता नाही."

"दुधाचा पगार मिळत नाही मला," भावोजींचं ठरलेलं उत्तर.

टाकीचं झाकण उघडण्याआधी उघडा तळवा लोखंडी खांबाला लावून अंगातली वीज उतरवायची, झाकणापाशी एक श्वास घ्यायचा, मग नळी. वास जास्त वाटला तर आधी बंद करायचं, विचारपूस नंतर. हे त्यांना कोणी लिहून दिलं नव्हतं. जुन्या माणसांकडून हातात आलं होतं.

दोन वर्षांपूर्वी पंपावर यंत्राचा हात आला. गाडी पिवळ्या चौकटीत उभी राहते. गाडी आणि पंप बिनतारी बोलून एकमेकांची ओळख पटवतात, टाकीत किती जागा आहे ते गाडी सांगते, हात तेवढं भरतो. मध्येच कोणी उतरू नये म्हणून नळी आत गेली की त्या गाडीची दारं आपोआप लॉक होतात. अकरा माणसांना घरी पाठवलं. भावोजींना काचेच्या केबिनमध्ये स्क्रीनसमोर बसवलं. शिकवायला आलेला साहेब पोरसवदा होता.

"काका, आता नाक घरी ठेवून आलात तरी चालेल."

"भिंतीवरची लाल कळ दिसत नाही ती?"

"काढली. ती कोणीही येता-जाता दाबेल. आता थांबवायचं ते स्क्रीनवरून. जोडणी इतकी पक्की आहे की बाहेरचा कोणी आत शिरूच शकत नाही."

"आणि आतल्याला बाहेर यायचं असेल तर?"

साहेब हसला. बाकीचेही हसले. जुन्या नळीला टाकी भरली की खटका पडायचा आणि धार थांबायची. तो खटकाही नव्या हातात ठेवला नव्हता. गाडी सांगतेय ना किती भरायचं, मग खटका कशाला, असं यंत्रवाल्यांचं डोकं.

ही घटना सकाळी पावणेअकराची. एकाच माल पोचवणाऱ्या कंपनीच्या दोन पांढऱ्या व्हॅन आल्या. एक चौकटीत, दुसरी तिच्या मागे अगदी खेटून. पुढचीची टाकी जवळजवळ भरलेली होती, पण कंपनीचं वेळापत्रक म्हणतं रोज भरा, म्हणून ती रांगेत. मागचीची निम्म्याहून जास्त रिकामी. पंपाने ओळख पटवली ती मागच्या व्हॅनशी, आणि हात घातला पुढच्या व्हॅनमध्ये. एकेचाळीस लिटर हवेत, असं मागची सांगत होती. पुढचीत चार-पाच लिटरची जागा होती.

बंद काचेच्या आत भावोजींना वास आला. त्यांनी स्क्रीनवर 'थांबवा' दाबलं. उत्तर आलं, 'जोड सुरक्षित आहे. थांबवण्याचं कारण निवडा.' खाली सात कारणं. आग, धडक, वीज खंडित, असली. वास हे कारण यादीत नव्हतं. त्यांनी 'आग' निवडलं. स्क्रीन म्हणाली, 'तपासलं. आग आढळली नाही.'

ते बाहेर धावले तेव्हा पेट्रोल व्हॅनच्या पोटाखालून वाहत होतं. वर गरम इंजिनाचा पंखा फिरत होता. आत ड्रायव्हर काचेवर मुठी मारत होता आणि दार उघडत नव्हतं. भावोजींनी मागच्या खोलीचं कुलूप सळईने तोडलं आणि मेन स्विच पाडला. जोड तुटली, दारं सुटली, ड्रायव्हर पेट्रोलमध्ये गुडघ्यांवर पडला. पण त्याच खोलीतून आणखी तीन पंप चालत होते. तेही बंद पडले.

तपासणीचा माणूस दुपारी आला तोवर फरशी धुऊन कोरडी झाली होती. यंत्र मागणीचाच आकडा नोंदतं, आणि ती नोंद सांगते: मागची व्हॅन, एकेचाळीस लिटर, जोड सुरक्षित, गळती नाही. आणि मागच्या खोलीच्या कॅमेऱ्यात दिसतो फक्त कुलूप तोडणारा म्हातारा. नोटिशीत लिहिलंय, 'सुरक्षित जोडणीत अनधिकृत हस्तक्षेप.' अरे, त्याच्या जागी तुम्ही काय केलं असतं? आठवं कारण छापून यायची वाट बघितली असती?

मी पुढच्या व्हॅनच्या ड्रायव्हरला शोधून फोन लावला. म्हणाला, "दादा, मला काही आठवत नाही."

"गुडघे भिजले होते ना तुझे पेट्रोलने?"

तो म्हणाला, "घरात दोन मुलं आहेत, दादा. ठेवतो."

त्याला मी शिव्या घालणार नाही. कंपनीने त्याला काय सांगितलं असेल ते मला कळतं.

दरम्यान हाच हात आणखी चाळीस पंपांवर बसतोय. खटका नाही, लाल कळ नाही, यादी तीच सात कारणांची. भावोजी रोज सकाळी पंपासमोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहतात. परवा ताईने मला ओढत नेलं, "समजाव तुझ्या भावोजींना, लोक वेडा म्हणायला लागलेत." मी शेजारी उभा राहिलो. नाक वर करून ते म्हणाले, "आजही येतोय. थोडाच आहे, पण येतोय." मला काही आला नाही. तरी मी पुढे पंपाकडे गेलो नाही.

नोंद खोटी ठरवेल असा एकच पुरावा उरलाय. गोंधळात मागची व्हॅन रिव्हर्स घेऊन निघून गेली, आणि ती कोण चालवत होतं ते कंपनी सांगत नाही. कागदावर तिच्या टाकीत एकेचाळीस लिटर पडलेत, प्रत्यक्षात थेंबही नाही. ती चालवणारे तुम्ही असाल तर काटा कुठे होता ते तुम्हाला माहीत आहे, आणि पुढे कुठेतरी थांबून तुम्हाला पुन्हा भरावंच लागलं असेल. गुरुवारी सकाळी अकरा वाजता कामगार कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर या. बाकी कशावर बोलू नका. तेवढं एक सांगा, की टाकी भरलीच नव्हती.