मागचा ठेका

मुलुंडला म्युझिक प्लेअर विकणारा तो दुकानदार प्लेअर ऐकवून दाखवताना स्वतःची गाणी कधी लावायचा नाही. "घरचं काही आहे? तेच लावू," म्हणायचा. मी मोबाइलमधलं आईने गायलेलं जुनं गाणं दिलं. त्याने शर्टाच्या टोकाने हेडफोन पुसला, आवाज अगदी बारीक केला, डोळे मिटले. दोन प्लेअर नाक मुरडून बाजूला सारले. तिसऱ्यावर मात्र थबकला.

"मागे टेबलावर ठेका कोण धरतंय रे?"

मी हेडफोन लावला. खरंच, बोटं वाजत होती. मी ते गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा खोलीत आमच्याशिवाय फक्त बाबा होते. आई गायला लागली की "पुरे आता" म्हणणारे. आता दोघंही नाहीत.

माझा चेहरा बघून तो हळूच म्हणाला, "हाच घे. यात दोघं आहेत."